विळख्याची भाषा

दरवर्षी १ डिसेंबर जवळ आला की आमच्या महाविद्यालयात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले लाल फिती टाचून गावातून फेरी काढतात आणि मराठी विभागातर्फे निबंधस्पर्धा होते. ‘एड्स : एक शाप’, ‘एड्सचा विळखा आणि आजचा तरुण’ अशा विषयांची अदलाबदल करीत आम्ही ही स्पर्धा वर्षानुवर्षे चालवली. आम्ही तिघेही मराठीचे अध्यापक आणि तिघेही या स्पर्धेचे जुने परीक्षक. त्यामुळे या विषयावरील निबंधांची एक मोठी चळत आमच्या नजरेखालून गेली आहे. त्यांत विळखा असतो, भस्मासुर असतो, जबडा पसरलेला महाराक्षस असतो, समाजाला पोखरणारी वाळवी असते. शेवटी ‘सावध व्हा’ असा इशारा असतो. जो निबंध अधिक भयानक, त्याला अधिक गुण, असा काही नियम आम्ही केलेला नव्हता. पण निकाल मात्र बहुधा तसाच लागत असे.

२०१७ च्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या निबंधाची सुरुवात अशी होती, की ज्याला हा रोग जडला तो श्वास घेत असला तरी चालतेबोलते प्रेतच असतो. या ओळीखाली आम्ही लाल शाईने रेघ ओढली होती आणि समासात ‘प्रभावी प्रतिमा’ असा शेरा दिला होता. रेघ कोणाच्या हातची हा प्रश्न गौण आहे, कारण निकालपत्रावर तिघांच्याही सह्या होत्या. बक्षीस समारंभात तो निबंध मोठ्याने वाचला गेला. टाळ्या झाल्या.

त्यानंतर काही वर्षांनी एक माजी विद्यार्थिनी एम. ए. ची गुणपत्रिका घेऊन आम्हाला भेटायला आली. पेढे दिले, नमस्कार केला आणि जाता जाता दारात थांबून म्हणाली, “सर, त्या दिवशी मी सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले होते. मी जन्मापासून पॉझिटिव्ह आहे. रोज रात्री नऊला गोळी घेते. तो निबंध नंतर सूचनाफलकावर लावला होता ना, तेव्हा तुमची रेघ पाहिली.” आवाजात तक्रार नव्हती. असती तर आम्हाला उत्तर देणे सोपे गेले असते. आमच्यातील एकीने तिला बसवून घेतले. मग ती बरेच बोलली. वसतिगृहात गोळ्यांच्या बाटलीवरचे लेबल ती खरवडून काढीत असे आणि मैत्रिणींना थायरॉईडच्या गोळ्या आहेत म्हणून सांगत असे. “थायरॉईडवर कोणी निबंध लिहीत नाही, मॅडम,” एवढेच ती हसून म्हणाली.

ही हकिगत तिच्या संमतीने आणि तिची ओळख पटणार नाही अशा बेताने येथे दिली आहे. ती देण्याचे कारण असे, की जनजागृती या शब्दाचा अर्थ आम्ही आजवर काय धरून चाललो होतो, हे तिने आम्हाला तपासायला लावले.

मुळापासून पाहू. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. पाचही तरुण समलिंगी होते. रोगाचे कारण कळण्यापूर्वीच त्याचे नाते एका समूहाशी जोडले गेले आणि सुरुवातीला काहींनी वापरलेल्या नावातही समलिंगी हा शब्द होता. ‘एड्स’ हे नाव १९८२ मध्ये आले, विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. म्हणजे विषाणूआधी दोषारोप आला. भारतातही १९८६ मध्ये चेन्नईत (तेव्हाचे मद्रास) पहिली नोंद झाली ती देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ततपासणीतून. ती तपासणी डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी केली. सोलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने उपचार केंद्र काढले आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या याच कामात राहिल्या. पॉझिटिव्ह मुलामुलींची लग्ने जुळवण्यातही त्यांचा पुढाकार असे. राक्षसाशी लढणाऱ्या योद्ध्याच्या प्रतिमेत लग्न जुळवणारी डॉक्टर बसत नाही, म्हणूनच आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत ती कधी आली नाही.

त्या काळी भीती निराधार नव्हती हे मान्य केले पाहिजे. औषध नव्हते, माणसे डोळ्यांदेखत झिजून जात होती. परंतु भीती ही निबंधातच राहत नाही, ती कायद्यात उतरते. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी उचलले. त्याचा अपराध एवढाच, की तो नियमित रक्तदान करीत असे आणि त्याच्या रक्तात हा विषाणू आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीनुसार त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात ६४ दिवस एकाकी डांबून ठेवण्यात आले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने विलगीकरणाची ती तरतूद मात्र अवैध ठरवली नाही. डॉमिनिकने पुढे गोव्यात ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. २००५ मध्ये आलेल्या ‘माय ब्रदर निखिल’ या हिंदी चित्रपटाची प्रेरणा त्याचेच आयुष्य होते. चित्रपट आमच्यापैकी दोघांनी तेव्हाच पाहिला होता. तरी ‘चालतेबोलते प्रेत’ वाचताना आम्हाला डॉमिनिक आठवला नाही.

याच सुमाराची आणखी एक आठवण आमच्या पिढीला असेल. २००२ च्या अखेरीस मुंबईत जागोजागी फलक लागले होते : बलबीर पाशाला एड्स होईल का? लोकलच्या डब्यात, पानाच्या टपरीवर हा बलबीर चर्चेचा विषय झाला. जो शब्द घरात उच्चारायचा नाही तो रस्त्यावर आला, हे त्या मोहिमेचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्या फलकांपुढे उभे राहणारा माणूस नेहमी असा गृहीत धरलेला होता, की ज्याला अजून काही झालेले नाही. ज्या बाईकडे बलबीर जात होता तिला काय होईल, हा प्रश्न फलकावर नव्हता. तिच्यापासून कसे वाचावे, एवढाच होता. आमच्या निबंधस्पर्धेचे गृहीतही हेच होते. सभागृहात बसलेले सगळे ‘आपण’ निरोगी, आणि तो रोग जडलेला कोणी ‘तो’ सभागृहाबाहेर. तिसऱ्या रांगेत कोणी बसले असेल, ही शक्यताच आमच्या वाक्यरचनेत नव्हती.

आमचा व्यवसाय भाषेचा आहे, म्हणून शब्दांकडे जरा बारकाईने पाहू. मराठीत आपण सहज ‘एड्सग्रस्त’ म्हणतो. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीतला हा शब्द. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणातला ‘ग्रासलेला’ चंद्र तोच. पूर ओसरतो, पूरग्रस्त पुन्हा घर बांधतो, ग्रहण सुटते. या शब्दातून मात्र सुटका नाही. शिवाय तो शास्त्रदृष्ट्याही सैल आहे. एचआयव्ही हा विषाणू आणि एड्स ही त्यातून, उपचार न झाल्यास, उद्भवणारी प्रतिकारशक्ती ढासळल्याची अवस्था. वेळेवर औषध सुरू झालेला माणूस त्या अवस्थेपर्यंत पोहोचतही नाही. आमची विद्यार्थिनी एड्सग्रस्त कधीच नव्हती. ती स्वतःसाठी ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वापरते. शब्द परका आहे, पण तो तिने स्वतः उचललेला आहे.

स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा हा मुद्दा मराठी वाचकाला नवा वाटू नये. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. वरून दिलेले, दयेने ओथंबलेले ‘हरिजन’ हे नाव नाकारून ‘दलित’ हे नाव एका पिढीने छातीवर मिरवले आणि पुढे ‘बलुतं’पासून आत्मकथनांची रांग लागली. आपण हे सारे वर्गात तळमळून शिकवतो. १९८३ च्या जून महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हर शहरात एड्ससह जगणाऱ्या मूठभर माणसांनी नेमके हेच केले होते. आम्हाला बळी म्हणू नका, केवळ रुग्णही म्हणू नका. आमच्याविषयी जेथे निर्णय होतात तेथे आम्हाला बसू द्या, असे त्यांनी जाहीरनाम्यात मांडले. विषाणू नुकताच सापडला होता, औषध काही नव्हते, त्यांतील बहुतेकांना आपले आयुष्य महिन्यांत मोजावे लागत होते. अशा वेळी त्या माणसांना आपल्या नावाची फिकीर करावीशी वाटली, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. सूझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये कर्करोगाच्या आणि १९८९ मध्ये एड्सच्या निमित्ताने आजारावर चढवलेल्या रूपकांची झाडाझडती घेतली, तीही आपण समीक्षेच्या तासाला सांगतो. एवढे सगळे शिकवणारे आम्ही लाल शाईची रेघ ओढताना कोठे गेलो होतो?

याचे उत्तर आम्हाला असे दिसते, की जागृती म्हणजे माहितीचे वाटप अशी आमची समजूत होती. माहिती जाणत्याने अजाणत्याला द्यायची असते, आणि भीती हे ती घशाखाली उतरवण्याचे अनुपान. वस्तुतः मराठीत ‘जाणीव’ असा एक सुंदर शब्द आहे. माहिती दुसऱ्याविषयी असू शकते. जाणीव झाली की मनुष्य स्वतःकडेही वळतो.

आणि जाणीव करून देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. १९९८ च्या जागतिक एड्सदिनी दक्षिण आफ्रिकेत गुगू ड्लामिनी या तरुणीने रेडिओवर आपण पॉझिटिव्ह असल्याचे सांगितले. त्याच डिसेंबरात डर्बनजवळच्या क्वामाशू वस्तीत जमावाने तिला मारहाण केली आणि त्यात ती मरण पावली. ज्या दिवशी आमच्याकडे फेऱ्या निघतात आणि निबंध वाचले जातात, त्या दिवशी एक वाक्य बोलल्याची ही शिक्षा होती. तिच्या मृत्यूनंतर तेथील कार्यकर्त्यांनी ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ अशी ठळक अक्षरे छापलेले सदरे अंगात घातले. ज्यांना लागण होती त्यांनी घातले, नव्हती त्यांनीही घातले. कोण कोणता हे पाहणाऱ्याला कळू नये, असा त्यातला अर्थ. २००२ मध्ये नेल्सन मंडेलांनी तो सदरा घातला. २००५ च्या जानेवारीत त्यांचा मुलगा मकगाथो वारला, तेव्हा तो एड्सने गेला हे त्यांनी त्याच दिवशी पत्रकारांना घरी बोलावून सांगितले. हा आजार लपवला नाही तरच तो क्षयासारखा, कर्करोगासारखा चारचौघांतला आजार होईल, अशी त्यामागची त्यांची भूमिका होती.

आपल्या जवळचे उदाहरण सांगलीचे आहे. १९९२ मध्ये मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ या संस्थेमार्फत तेथील गोकुळनगरात काम सुरू केले आणि १९९६ मध्ये त्या वस्तीतील स्त्रियांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही आपली स्वतःची संघटना स्थापन केली. सरकारी भाषेत या स्त्रिया म्हणजे रोग पसरवणारा गट. प्रत्यक्षात निरोध वाटणे, गिऱ्हाइकाला तो वापरायला लावणे, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणे हे काम त्याच करीत होत्या. ज्यांच्यापासून जपा असे फलक सांगत होते, त्याच जपणूक करीत होत्या. पुढे त्यांनी आपल्या आयुष्याचे नाटकही रंगमंचावर आणले. मराठी नाटकाच्या आमच्या अभ्यासक्रमात ते कधी नव्हते, आजही नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि आमच्या विभागातही ते आले आहेत. पहिला असा, की भीती काढून घेतली तर तरुण बेफिकीर होतील. आमच्या मते भीतीने माणूस जपून वागतो हे अर्धेच खरे आहे. भीतीने माणूस तपासणी टाळतो, हे उरलेले अर्धे. जो तपासणी टाळतो त्याला औषध मिळत नाही आणि त्याच्याकडून लागणही होत राहते. उलट, नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले आहेत, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता निःसंशय सिद्ध झालेले आहे. उपचार नसताना पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शेकडा १५ ते ४५ असते. उपचार असतील तर ती ५ च्या खाली येते. ही वाक्ये एकाही बक्षीसपात्र निबंधात आम्ही वाचलेली नाहीत. त्यांत राक्षस नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्द बदलून काय होते, गोळ्या हव्यात. खरे आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता. जगाचे चित्र पालटले ते या औषधांमुळे. भारतात १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळू लागली, त्यांत महाराष्ट्र होता. २००४ मध्ये जगात या आजाराने सुमारे २१ लाख माणसे मेली. २०२४ मध्ये सुमारे ६ लाख ३० हजार. आज जगात ४ कोटींहून अधिक माणसे या विषाणूसह जगत आहेत, भारतात सुमारे २५ लाख, आणि भारतातील राज्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी आहे. २०२४ मध्येही १३ लाख माणसांना नव्याने लागण झाली. त्यात २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थोपवली आणि २००३ पासून आफ्रिकेत औषधे पोहोचवणाऱ्या कार्यक्रमाला हादरा बसला. म्हणजे गोळ्यांचा प्रश्न संपलेला नाही.

परंतु गोळी घेण्यासाठी एआरटी केंद्राच्या दारापर्यंत पायांनी चालत जावे लागते, आणि त्या दारात कोणी ओळखीचे भेटेल का ही धास्ती शब्दांनीच निर्माण केलेली असते. कितीतरी माणसे आपला तालुका सोडून दूरच्या जिल्ह्यातील केंद्रात नाव नोंदवतात, ती याच कारणाने. ती धास्ती तयार करण्यात आमचाही वाटा आहे. २०१७ मध्ये संसदेने संमत केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला कायदा शाळा, नोकरी, घर, दवाखाना यांतील भेदभावाला मनाई करतो आणि संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यास बंदी घालतो. डॉमिनिकला डांबणाऱ्या कायद्यापासून आपण पुष्कळ पुढे आलो. कायदा झाला त्याच वर्षी आम्ही ती रेघ ओढली होती.

अलीकडे आम्ही स्पर्धेचा विषय बदलला. ‘मला न सांगता आलेला आजार’ असा विषय ठेवला आणि आजार कोणताही चालेल असे जाहीर केले. निबंध थोडे आले, पण त्यांत क्षय होता, मिरगी होती, आईचे मानसिक दुखणे होते, वडिलांची दारू होती. भाषा साधी होती, चुका पुष्कळ होत्या. लाल शाई आम्ही शुद्धलेखनापुरती वापरली. आमच्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती एवढीच आहे, की येत्या डिसेंबरात प्रभावी प्रतिमेखाली रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि तिसऱ्या रांगेकडे पाहावे. तिथे कोण बसले आहे हे विचारायचे नाही. कोणीतरी बसले असेल असे धरून चालायचे.

हा लेख प्रकाशित करण्यापूर्वी आम्ही तो त्या विद्यार्थिनीला वाचायला पाठवला. ती आता एका शाळेत मराठी शिकवते. तिने एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले आणि मजकूर ठीक आहे असे कळवले. तिच्या शाळेत कोणाला ठाऊक आहे का, असे आम्ही विचारले होते. तिने लिहिले, “नाही सर. तिथेही थायरॉईडच आहे.”